बेल-भंडारा आणि अपडेटचं बटण

वेबसाइटवर नवीन पान तयार करणं फार सोपं असतं, असं ज्याने कुणी लिहून ठेवलंय त्याला गाव नसावं. आणि गाव असलंच, तर तिथे खंडोबाची जत्रा भरत नसावी. हे मी रागाने लिहितोय असं कुणाला वाटलं तर बरोबर वाटलं. मी सगळंच रागाने लिहितो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या मालातली खोट काढायचा मला पगार मिळतो. घरी आलो की तेच काम मी फुकट करतो, त्याला लोक लेख म्हणतात. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचे उपकार नाहीत आणि कुणाची भीतीही नाही. एका माणसाची सोडून. तो माणूस म्हणजे आबाजी, आमचे घरमालक.

निघोज्याच्या शिवारातल्या एका वाडीत आबाजींची तीन मजली इमारत आहे. वरती ते राहतात, खाली आम्ही भाडेकरू. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या उगवल्या, आणि त्या खोल्यांत बीडपासून सिंधुदुर्गापर्यंतचा महाराष्ट्र येऊन राहिला. आबाजी जत्रा कमिटीचे अध्यक्ष. यंदा पलीकडच्या वाडीने जत्रेची वेबसाइट काढली आणि आबाजींच्या घशाखाली जेवण उतरेना.

"त्यांची जत्रा म्हंजी दोन पाळणे आन् एक भेळवाला," ते मला जिन्यात अडवून म्हणाले. "त्यांची येबसाइट हाय आन् आपली न्हाई? ज्योतीराम, तू लिवतोस ना पेपरात?"

"कधीमधी छापतात, आबा."

"मंग येबसाइट बी लिव."

लेख लिहिणं वेगळं आणि वेबसाइट करणं वेगळं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठवलं की आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार जत्रेनंतर संपतोय. मी निर्भीड माणूस आहे. तळवड्याच्या ट्रॅफिकवरून मी थेट मंत्र्याला पत्र लिहिलंय आणि त्यात 'माननीय' हा शब्द घातलेला नाही. पण मंत्र्याच्या घरात मी भाड्याने राहत नाही. मी म्हणालो, "करतो की आबा, त्यात काय."

ही बातमी मी घरात फुशारकीने सांगितली. माझी बायको विजयश्री कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

"त्यात आपलं नाव राहणार आहे का?"

"आपलं म्हणजे?"

"भाडेकरूंचं. दरसाल वर्गणी आपण देतो. महाप्रसादाच्या भाकऱ्या आम्ही बाया थापतो, पहाटेपासून. आन् शेवटी माईकवर काय म्हणतात? पाच मानकऱ्यांची नावं घेतात, सोयऱ्याधायऱ्यांची घेतात, बैलांची पण घेतात. मग म्हणतात 'व इतर'. मी बारा वर्षं 'इतर' आहे या वाडीत. मला नाही राहायचं 'इतर'."

"बघू."

"बघू नका, करा. भाडेकरूंचं पान झालं तर मी भाकऱ्या थापायला जाईन. नाही झालं तर मीही नाही जाणार आन् खालच्या बावीस खोल्यांतली एकही बाई नाही जाणार. मग आबाजींना म्हणावं, थापा तुम्ही, मानाने."

म्हणजे पान केलं तर घर जाणार आणि नाही केलं तर भाकरी. माझी परिस्थिती ही अशी होती. माणूस यालाच संसार म्हणतो.

आता ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीचा वेबसाइटशी काडीचा संबंध नव्हता, पण आबाजींना कुणीतरी सांगितलं की गावाचं नाव वापरायचं तर ना हरकत दाखला लागतो. तसा काही नियम नाही. नियम नसताना दाखला मागायला गेलेला माणूस कारकुनाला कसा दिसतो, ते बघायचं असेल तर पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल आठवा. तिथल्या भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"वेबसाइट उभारणीबाबत. कुठल्या गट नंबरात उभारणार?"

"गटात नाही हो. ती इंटरनेटवर असते."

"म्हणजे आपल्या हद्दीत नाही?"

"नाही."

"मग आम्ही दाखला कसा देणार?"

"मग नको."

"असं कसं नको? नाव तर हद्दीतलं आहे." त्यांनी अर्जावर शेरा मारला, 'प्रत्यक्ष जागा पाहणी करून'. आजतागायत ती पाहणी व्हायची आहे. एकदा ते खरंच मोटारसायकलवरून आले होते, आमच्या इमारतीच्या गच्चीवरची डिश अँटेना बघून गेले.

वेबसाइटचा सगळा खर्च आबाजींच्या मुलाने, कुलदीपने, उचलला. कुलदीप चांगला पोरगा आहे, फक्त त्याला दर दोन महिन्यांनी चौकात फ्लेक्सवर दिसावं लागतं, नाहीतर त्याची तब्येत बिघडते. चिखलीतल्या कुणा मित्राकडून त्याने वेबसाइटचा तयार साचा आणला. साचा म्हणजे आयतं घर, आपण फक्त सामान लावायचं. हा साचा बातम्यांच्या वेबसाइटचा होता.

"जत्रेला बातम्यांचा साचा कशाला?" मी विचारलं.

"भाऊ, त्याच्यात वर लाल पट्टी पळते. ब्रेकिंग न्यूज. बघा ना काय वजन पडतंय!"

लाल पट्टी पळत होती हे खरं. तिच्या खाली कुलदीपचा गॉगल घातलेला फोटो होता आणि त्याच्याखाली जी जागा उरली ती खंडोबाला दिली होती.

मी रोज शिफ्टवरून येऊन बसू लागलो. चार दिवसांत मला त्या यंत्रणेची रीत कळली. आत जायला लॉगिन. आत गेलं की डाव्या हाताला मेनू. 'नवीन पान' दाबायचं, वर शीर्षक, खाली मजकूर, फोटो. मग दोन बटणं. 'ड्राफ्ट' दाबलं तर पान तयार असतं पण जगाला दिसत नाही. ही अवस्था मला समजावून सांगायची गरज नव्हती, लेखक म्हणून मी वीस वर्षं त्याच अवस्थेत आहे. 'पब्लिश' दाबलं की दिसतं. आणि दिसणारं पान पुन्हा दुरुस्त केलं की त्याच बटणाच्या जागी 'अपडेट' येतं. हे तीन शब्द ज्याला कळले त्याला वेबसाइट कळली. वाडी कळायला आणखी वेळ लागतो.

कारण वाडीत पाच मानकरी घराणी आहेत. पालखीचा मान आबाजींच्या घराला, काठीचा कोंडाजींच्या, दिवटीचा अर्जुनरावांच्या, आणि आणखी दोन घरं. यांच्यात पहिलं कोण, हा प्रश्न गेल्या चार पिढ्यांत सुटलेला नाही. आबाजी म्हणतात पालखी म्हणजे प्रत्यक्ष देव. कोंडाजी म्हणतात काठी पुढं चालते, पालखी मागनं येते, मग पहिलं कोण? म्हणून जत्रेच्या पत्रिकेवर पाच फोटो गोलात छापतात. चाकणच्या छापखानेवाल्याची ही अक्कल. गोलाला सुरुवात नसते. तरीही एका वर्षी कोंडाजींनी घड्याळ मांडलं होतं, की बारावर आबाजी आणि आम्ही सातावर का. तेव्हापासून पत्रिका छापून आली की प्रत्येक घर ती आपल्याला सोयीची फिरवून भिंतीला लावतं.

मीही वेबसाइटवर गोल केला. सुंदर गोल. लॅपटॉपवर कमिटीला दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाच घराण्यांची पाच पानं पब्लिश केली, भंडारा उधळला, पेढे खाल्ले. पण गावात लॅपटॉप कुणाकडे? सगळ्यांनी मोबाइलवर उघडलं. आणि मोबाइलवर तो गोल मोडून उभा होतो. एकाखाली एक. वरून खाली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.

आबाजी चौथे होते.

हाक वरच्या गॅलरीतून आली. "ज्योतीराम! पालखीचा मान चौथा कवापासनं झाला रं?"

मी वर पळालो. नक्की काय बिघडलंय मला कळेना, म्हणून घाईघाईने आबाजींचं पान उघडलं, एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि अपडेट दाबलं. तर काय, आबाजी टुणकन पहिले! आबाजी खूश. "आसं! आता बराबर." गोजाबाईंनी, म्हणजे आबाजींच्या मंडळींनी, मला चहा दिला, त्यात दूध जास्त होतं. मी खाली उतरलो तर जिन्याच्या तोंडाशी कोंडाजी उभे.

"लेखकराव, सकाळी आमी पयले हुतो. आता दुसरे. मधल्या वक्ताला आमच्याकडनं काय गुन्हा घडला?"

मी त्यांच्यादेखत त्यांचं पान उघडलं, काठीच्या फोटोखाली एक ओळ वाढवली, अपडेट दाबलं. कोंडाजी पहिले. ते मिशीत हसले आणि गेले. दुपारी अर्जुनरावांचा फोन आला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. साचा बातम्यांचा! बातमीत ताजं ते वर. ज्याचं पान सगळ्यात शेवटी दुरुस्त झालं तो पहिला. यंत्राला मान कळत नाही, त्याला फक्त शेवटचा हात कुणाचा लागला ते कळतं.

आता एक खरं सांगतो. क्रम हाताने ठरवायची सोय त्या यंत्रणेत होती. मी ती शोधून काढली. प्रत्येक पानाच्या कडेला एक छोटा चौकोन असतो, त्यात एक, दोन, तीन असे आकडे टाकायचे की क्रम पक्का. मी त्या चौकोनासमोर बराच वेळ बसलो. म्हणजे मी, परगावचा, आबाजींचा भाडेकरू, माझ्या या हाताने 'एक' हा आकडा कुणाच्या तरी नावापुढे टाकणार. चार पिढ्यांचं भांडण एका आकड्याने मिटवणार. इतिहासात ज्यांनी असं केलंय त्यांचे पुतळे आहेत, पण ते पुतळे उभारले तेव्हा ते हयात नव्हते. मी तो चौकोन मिटवला आणि कमिटीला सांगितलं, "क्रम यंत्र ठरवतं. त्यात माणसाला काही करता येत नाही."

"मंग आमचं पान आमी दुरुस्त करतो," कोंडाजी म्हणाले. "तुझी कशाला कटकट?"

मला ती सूचना फार आवडली. मी पाचही घरांना आपापल्या पानाचं लॉगिन देऊन टाकलं आणि सुटलो, असं मला वाटलं.

पुढचे आठ दिवस वाडीत कुणी दुसरं काम केलं नाही. कोंडाजींची सून श्रद्धा आयटीत आहे, ती घरून काम करते. तिने कंपनीच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून दर पंधरा मिनिटांनी सासऱ्यांच्या पानावर एक पूर्णविराम टाकायचा आणि पुढच्या वेळी तो काढायचा, असं तंत्र बसवलं. अर्जुनराव शेताच्या बांधावर एका ठरावीक कामासाठी पहाटे जातात, ते मोबाइल घेऊन जाऊ लागले. तिथून उठेपर्यंत दिवटीचा मान पहिला असायचा. आणि गोजाबाई! सत्तरीच्या बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कुलदीपने त्यांना फक्त निळं बटण दाखवून ठेवलं होतं. म्हशीला पाणी दाखवावं तसं त्या येताजाता त्याला अंगठा लावायच्या. अंगठ्याला हळद. मोबाइलची काच पिवळी झाली, पण पालखी मागे पडली नाही.

पानंही वाढत गेली, कारण नुसतं बटण दाबायची माणसाला लाज वाटते, काहीतरी लिहावंसं वाटतं. आधी पणजोबा आले. मग पणजोबांचा बैल. मग त्या बैलाने अमक्या साली कुणाला मारलं तो प्रसंग. ज्यांना मारलं होतं त्यांनी आपल्या पानावर खुलासा केला. शुभेच्छुकांच्या रांगा लागल्या. वेबसाइट उघडायला इतकी जड झाली की लाल पट्टीसुद्धा पळायची बंद होऊन जागच्या जागी हुंदके देऊ लागली. आणि शेजारधर्म म्हणून येणारे सल्ले वेगळेच. आमच्या शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ रोज सांगायचे, "राव, बंद करून चालू करून बघा." काय बंद करू? वाडी?

या गदारोळात मी चोरून भाडेकरूंचं पान तयार केलं. मन लावून केलं. बावीस बिऱ्हाडं, कोण कुठल्या गावचं, कुठल्या कंपनीत, जत्रेत कोण काय करतं. लातूरकडचे मांडव घालतात, कोकणातले दोघं आरास करतात, बायका भाकऱ्या. इतका चांगला मजकूर मी आयुष्यात लिहिलेला नाही, आणि त्यात कुणालाही शिवी दिलेली नव्हती. ते मी आबाजींना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"ब्येस लिवलंय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तसंच."

"तसंच म्हणजे?"

"हाय तसं. आतल्या आत. फुडल्या वर्षी बघू. मानकऱ्यांच्या रांगंत भाडेकरू बसवलं तर लोक मला काय म्हणतील? आन् हां, तुझा करार बी आलाय न्हवं संपायला? जत्रा झाली की बसू."

म्हणजे ड्राफ्ट. मी खाली येऊन विजयश्रीला सांगितलं. तिने फक्त शेजारच्या सुभद्राबाईंना हाक मारून विचारलं, "यंदा जत्रेच्या दिवशी आपण सगळ्या आळंदीला जायचं का गं?" पलीकडून लगेच आवाज आला, "जाऊ की!" भिंती पातळ आहेत आमच्या. संध्याकाळपर्यंत बावीस खोल्यांचं आळंदीला जायचं ठरलं.

तो मंगळवार. जत्रा रविवारी. मग मी निर्भीडपणे एक युक्ती केली. त्या यंत्रणेत पान आत्ताच पब्लिश न करता पुढची वेळ लावून ठेवता येते, गजर लावावा तशी. मी गुरुवार सकाळ सातची वेळ लावली. गुरुवारी माझी पहिली शिफ्ट. आमच्या कंपनीत गेटवर मोबाइल जमा करून घेतात, सुटताना देतात. म्हणजे पान सात वाजता झळकणार, आबाजी सव्वासातला पेटणार, आणि मी दुपारपर्यंत जगातल्या कुठल्याही घरमालकाला सापडणार नाही. तोवर राग निवेल. याला कुणी पळपुटेपणा म्हणेल. मी त्याला नियोजन म्हणतो.

"लावलंय," मी विजयश्रीला म्हणालो. "गुरुवारी आपोआप येईल."

"नक्की?"

"यंत्र आहे ते. कुणी हात लावला नाही तर येणारच."

आणि बुधवारी संध्याकाळी कमिटीने सगळ्यांना देवळात बोलावलं. झालं असं होतं, की कोंडाजींच्या पानावर 'काठीशिवाय पालखी पांगळी' अशी ओळ आली होती, आणि त्यावर कुलदीप त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला होता. हातघाईवर यायचं बाकी होतं. देवळात पाचही घरं बसली. अर्जुनराव शहाणा माणूस, ते म्हणाले, "ही येबसाइट वाडी फोडणार. देवाम्होरं बेल-भंडारा उचला. जत्रा पार पडस्तोवर त्या येबसाइटला कुणी हात लावायचा न्हाई. जसं हाय तसं ऱ्हाईल."

"उचलतो," कोंडाजी म्हणाले. त्या घडीला ते पहिले होते.

"आमी बी उचलतो," आबाजी म्हणाले, आणि उचलायच्या आधी त्यांनी गोजाबाईंकडे बघितलं. गोजाबाईंनी पदराखालून अंगठा काढला. आबाजी पहिले झाले. मग त्यांनी बेल-भंडारा उचलला. एकेकाने उचलला. गुरवाने ताट माझ्यापुढे धरलं.

"लेखकराव, तुमी बी. मेन चावी तुमच्याकडं."

ज्यांनी बेल-भंडारा उचललेला नाही त्यांना मी काय सांगू? कोर्टातली शपथ वेगळी, तिच्यातून वकील सोडवतो. यातून कुणी सोडवत नाही. बेलाचं पान आणि भंडारा माझ्या ओंजळीत, समोर खंडोबाचे चांदीचे डोळे, मी मोठ्याने म्हणालो, "जत्रा होईपर्यंत मी वेबसाइटला हात लावणार नाही," आणि वाक्याच्या मध्यावर मला गुरुवार सकाळ आठवली. ते पान थांबवायचं तर हात लावावा लागणार. हात लावला तर देव. नाही लावला तर आबाजी. तेही आता, सगळ्यांनी शपथा घेतल्यावर, सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या नंबरला!

घरी येऊन मी विजयश्रीला विचारलं, "शपथेच्या आधी लावलेलं शपथेत धरतात का?"

"कपाळाला काय लागलंय तुमच्या?"

"भंडारा."

"मग हात खाली ठेवा आन् जेवा."

गुरुवारी पहिल्या शिफ्टला मी इतक्या मुकाट्याने गेलो की सुपरवायझरने तब्येत विचारली. सात वाजता मी मशीनवरून आलेला बुश, म्हणजे लोखंडी नळकांडं, गेजवर मापून तपासत होतो. चांगला होता. मी तो रिजेक्ट केला. दुपारी गेटवर मोबाइल हातात घेतला तर तो थरथरतच होता. कंपनीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. नेहमी ज्या ट्रॅफिकला मी शिव्या देतो तो त्या दिवशी अगदीच तुटपुंजा निघाला, बस वेळेच्या आधी वाडीत पोचली.

आमच्या दारात पाचही मानकरी होते. आबाजी मध्ये. मोबाइल त्यांनी हातभर लांब धरला होता, जणू तो चावेल.

"हे काय हाय?"

"भाडेकरूंचं पान, आबा."

"पयलं?"

"यंत्र क्रम ठरवतं."

"काढ."

"आबा, बेल-भंडारा उचललाय. जसं आहे तसं राहील, असं ठरलंय. मी मंगळवारी वेळ लावली होती, शपथ बुधवारची. आता हात लावला तर देवाचा गुन्हेगार."

"मंग मी लावतो!"

"तुम्ही पण उचललाय."

आबाजींनी शेजारी उभ्या कुलदीपकडे बघितलं. कुलदीप मागे सरकला, त्यानेही उचलला होता. मग सगळ्यांनी आबाजींकडे बघितलं. कोंडाजी हळूच खाकरले.

"मी काय म्हंतो आबाजी. समजा काढलं. मंग पयलं कोण ऱ्हातंय?"

"आमी. पालखी."

"मंग ऱ्हाऊ द्या भाडेकरू."

"आँ?"

"ऱ्हाऊ द्या. गरीब माणसं हायती. भाकऱ्या थापत्यात. आमची काय हरकत न्हाई."

अर्जुनराव म्हणाले, "आमची बी न्हाई." राहिलेली दोन घरंही म्हणाली, आमचीही नाही. चार घराण्यांच्या तोंडावर असा उदार भाव मी कधी पाहिला नव्हता. एकदा शपथ मोडली की चार घरांपैकी कुणीही पहिलं होणार, त्यापेक्षा भाडेकरू परवडले, हा हिशोब आबाजींच्याही डोक्यात फिरला असणार, कारण शेवटी ते म्हणाले, "देवाची विच्छा," आणि वर निघून गेले. कराराचं कुणी बोललं नाही. मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जत्रा झकास झाली. आळंदी रद्द झाली. बायकांनी भाकऱ्यांचे असे डोंगर रचले की पंगती उठल्या तरी डोंगर उभेच. माईकवर जो माणूस होता त्याने कागद आणलाच नव्हता, तो मोबाइलवरची वेबसाइट बघून नावं घेत होता, वरून खाली. त्याने पहिलं नाव घेतलं ते 'समस्त भाडेकरू मंडळी', आणि मग बावीसच्या बावीस बिऱ्हाडं, गावासकट. विजयश्री परातीत पीठ भिजवत होती. आपलं नाव ऐकून तिने फक्त कपाळावरची बट मनगटाने मागे सारली. पीठ लागलं कपाळाला. मी ते पुसायला सांगितलं नाही.

असं सगळं मनासारखं झाल्यावर कथा संपायला हवी. मीही सोमवारी सुट्टी काढून, पाय पसरून, चहा पीत तसाच विचार करत होतो. तेवढ्यात दारावर थाप पडली. लातूरकडचे मांडववाले.

"भाऊ, पान झकास. पण आमचं नाव नववं का?"

त्यांच्या मागे कोकणातले दोघं. "आमचा शेवटचा नंबर काय म्हणून लावलात ओ? आरास दिसत नाय काय कुणाक?" त्यांच्या मागे सुभद्राबाई, त्यांच्या मागे बंद-करून-चालू-करा गृहस्थ. अर्ध्या तासात बावीस खोल्या अंगणात. जो तो मोबाइल पुढे करून ओरडतोय. मी मदतीसाठी घरात बघितलं, तर विजयश्री उंबऱ्यावर येऊन उभी.

"मला सांगा, मी सहावी कामून? पान माझ्यामुळं झालं ना?"

गलका ऐकून आबाजी खाली उतरले. चार दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. अंगणातलं दृश्य त्यांनी डोळे भरून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आमच्याबद्दल माया बघितली. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, मधोमध मांडली आणि बसले.

"गप! एकेकानं बोला. आसं न्हाई ठरत. मानाला रीत आसती. वाडीत पयलं बिऱ्हाड कुणाचं आलं? जो पयला आला त्याचा पयला मान. बोला, कोण आलं पयलं?"

जो तो वर्षं मोजू लागला. लातूरकर म्हणाले आम्ही, सुभद्राबाई म्हणाल्या तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून गोजाबाईंचा आवाज आला. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं नाही.

"पयलं बिऱ्हाड? पयलं बिऱ्हाड तुमच्या आज्याचं. नदीपल्याडनं आलं हुतं, एक शेरडी घिऊन. कोंडाजीच्या आज्याच्या गोठ्यात भाड्यानं ऱ्हायले दोन पावसाळे. माज्या सासूनं सांगितलंय मला. त्याच्या आदी वाडीत भाडेकरू कुणी न्हवतं."

कोंडाजी कुठूनसे कुंपणाशी आले होते, त्यांच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. मी आबाजींकडे बघायचं टाळलं. माझा करार अजून व्हायचा होता.

आबाजींनी खिशातून मोबाइल काढला, हातभर लांब धरला, वेबसाइट उघडली. सगळ्यात वर आमचं पान होतं. ते अंगठ्याने वरखाली करत राहिले.

"ज्योतीराम," ते सावकाश म्हणाले, "म्हंजी ह्या पानावर पयलं नाव आमचं बसतंय की रं."

"बसतंय, आबा."

"मंग टाक," ते म्हणाले, आणि कुंपणाकडे मान वळवून जरा मोठ्याने, "टाक आत्ताच्या आत्ता. आन् गोठा कुणाचा ते लिवायची काय गरज न्हाई."